मंगलीच्या सुरीला म्यान

सत्यशीलाबाई रामटेक्यांनी ते वाक्य चार बायांसमोर बोलायला नको होतं, हे पुढे त्यांना प्रत्येकानं सांगितलं. पण बोलल्या त्या चार नव्हे, चांगल्या वीस-बावीस बायांसमोर. आरोग्य उपकेंद्रात त्या नर्स होत्या, आणि त्या दिवशी तिथे लसीकरण होतं. लेकरांच्या रडण्यात मंगली उसेंडीच्या मांडीचे टाके काढणं चाललं होतं. सात टाके होते. मंगलीनं नेहमीप्रमाणे सुरी कमरेला, लुगड्याच्या घोळात खोचली होती. वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, काढायला बांबूच्या दाट बेटात, रांजीत वाकली आणि सुरी खाली सरकून मांडीत शिरली. तिचा नवरा जंगू तिला पाठीवर घालून उपकेंद्रात घेऊन आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीकडून लाल झाला होता. नाल्याला पूर होता, पलीकडे रुग्णवाहिका उभी होती, आणि पाणी उतरेपर्यंत सत्यशीलाबाईंनी ती जखम दोन्ही हातांनी दाबून धरली होती. त्या दोन तासांबद्दल त्या कुणाशी बोलत नसत. पण त्यानंतर आठ दिवस त्यांना भाजी चिरायला सुरी हातात धरवेना, एवढं शेजारच्या गोकुळाबाईंच्या लक्षात आलं होतं.

तर टाके काढून झाले. सत्यशीलाबाईंनी हात धुतले आणि विचारलं, "सुरी कुठी हाय तुही?"

मंगलीनं लुगडं सारखं केलं. सुरी कमरेलाच होती.

"अवं, बाई हाय का कोन हाय तू! तिले म्यान काऊन नाई?"

"कव्हर मोबाईलले रायते बाई," मंगली म्हणाली. "सुरीले कोन करते?"

"मी करतो! माह्या हातानं शिवून देतो तुले, चामड्याचं!"

सरकारी माणसानं दिलेल्या शब्दाचं काय होतं हे त्या भागात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नसतं. पण मंगलीनं कमरेची सुरी काढून शांतपणे टेबलावर ठेवली. "मापाले ठेवा," असं म्हणून ती लंगडत निघून गेली. वीतभर पात्याची, बोटभर रुंद, गावच्या लोहारानं घडवलेली ती सुरी टेबलावर पडून राहिली. माघार घ्यायची वाट तिथेच बंद झाली.

धानोऱ्यात ज्या घरी सत्यशीलाबाई आणि त्यांचे यजमान राजदीप सर भाड्यानं राहत, त्या घराची भिंत गोकुळाबाईंच्या घराला लागून होती. भिंत नावालाच. सुरीची हकिगत संध्याकाळच्या आत पलीकडे गेली आणि सल्ले यायला लागले.

"प्लास्टिकचा पाइप घ्या," गोकुळाबाई म्हणाल्या. "नळवाल्याकडून तुकडा आना, सुरी आत, काम झालं."

"बसाले गेली का पाइप पोटात घुसन तिच्या."

"मंग जुन्या जीनचा शिवा."

"धार हाय गोकुळाबाई तिले. जीन काय टिकते?"

गोकुळाबाईंचे यजमान धनराजभाऊ ओसरीवरून म्हणाले, "ऑनलाइन मागवा. आमच्या जावयानं कॅमेऱ्याचं मागवलं होतं, तीन दिवसात आलं." हे कॅमेऱ्याचं काय होतं आणि त्याचा सुरीशी काय संबंध, ते त्यांनी सांगितलं नाही. धनराजभाऊंचा सल्ला नेहमी असा एका टोकावर सुटलेला असे.

गोकुळाबाईंनी मग आवाज खाली आणला. "अन् घरात चामड्याचं काम करान तुम्ही? नोकरीवाली बाई. ते काय आपलं काम हाय?"

सत्यशीलाबाईंनी दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. "गोकुळाबाई, तुमच्या सुनेचं बाळंतपन म्या ह्याच हातानं केलं. तवा रगत-पानी पाहून कोनाचं काम हाय ते नाई विचारलं तुम्ही."

थोड्या वेळानं भिंतीवरून वाटीभर अंबाडीची भाजी आली, तेवढंच.

आता चामडं. इथे सत्यशीलाबाईंच्या हातून जे घडलं त्याचं समर्थन त्यांनी स्वतःही कधी केलं नाही. राजदीप सरांचे एक बूट होते. घोटा झाकणारे, तांबूस रंगाचे, अस्सल चामड्याचे. सर तालुक्याच्या शाळेत मराठी शिकवत. आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी त्यांचं नाव सहा वर्षांपासून जात होतं आणि परत येत होतं. ते बूट सरांनी पहिल्या वर्षीच, मंचावर चढायचं म्हणून घेतले होते. दर दिवाळीला ते खोक्यातून बाहेर निघत, पॉलिश होऊन परत खोक्यात जात. जमिनीला ते दोनदाच लागले होते, आणि दोन्ही वेळा दुकानातच.

सत्यशीलाबाईंनी मनाशी ठरवलं की एकाच बुटाचं वरचं चामडं काढायचं, आणि पुरस्कार जाहीर झाला की आधी आपण नवे घेऊन ठेवायचे. एका अर्थी पुरस्कार मिळणार नाही असं त्यांनी गृहीत धरलं होतं. हा विचार त्यांना नंतर फार टोचला.

शिवणकामाची त्यांना चिंता वाटली नाही. डॉक्टर नसताना कितीतरी लोकांना त्यांनी टाके घातले होते. जिवंत माणूस हलतो, ओरडतो, हात झटकतो. चामडं तर पडून राहणार. सर शाळेत गेले की त्या दार लावून बसत. बूट उकलला, कागदावर सुरी ठेवून माप काढलं, दोन तुकडे कापले, आणि गोधडीच्या सुईनं दुहेरी दोऱ्यानं कडा शिवून टाकल्या. तीन सुया मोडल्या. अंगठ्याला भोक पडलं. पण म्यान झालं. ते खिडकीशी नेऊन त्यांनी पाहिलं, आणि वीस वर्षांच्या नोकरीत कुठल्याही अहवालानं दिलं नव्हतं इतकं समाधान त्यांना त्या एका तुकड्यानं दिलं.

मग त्यांनी सुरी आत घातली. सुरी आत गेली, बाजूचा दोरा सरसर कापत बाहेर आली आणि डाव्या तळहातात घुसली.

तळहाताला गोकुळाबाईंनी पट्टी बांधली, हळद भरून. हळद भरू नका असं सत्यशीलाबाई गावोगाव बायांना सांगत आल्या होत्या. पण त्या वेळी त्या काही बोलण्याच्या स्थितीत नव्हत्या.

"भाजी चिरताना लागलं," त्यांनी सरांना सांगितलं.

"भाजी चिरताना बोट कापतं. तळहात कसा कापला?" सरांनी विचारलं. पण ते पेपर तपासत होते. उत्तराची वाट न पाहता त्यांनी कुणाचा तरी अर्धा गुण कापला.

बाजाराच्या दिवशी सत्यशीलाबाई दुसरा बूट पिशवीत घालून सोमाजीकडे गेल्या. सोमाजी बाजारात वडाखाली चपला शिवायला बसे. वय सत्तरीचं, चष्म्याला दोरी. फाटलेलं म्यान त्यानं उलटसुलट केलं, नाकाशी नेलं, मग त्यांच्या पट्टीकडे पाहिलं.

"मधात पट्टी नाई घातली बाई तुम्ही."

"कोनती पट्टी?"

"दोन कातड्यांच्या मधात, कडेकडेनं जाड पट्टी घालाव लागते. सुरीची धार पट्टीवर घसरते, दोऱ्यापावतर जात नाई. अन् सुईनं भोक नाई पाडाचं. हे आरी घ्या. आधी भोकं, मंग मेन लावलेला दोरा. दोन्हीकून दोन सुया, एकाच भोकातून आरपार." त्यानं एका तुकड्यावर चार टाके घालून दाखवले. हात सावकाश चालत होता, पण टाका पडला की हलत नव्हता. "शिवून झालं का पान्यात भिजवा, सुरीले प्लास्टिकची पन्नी गुंडाळून आत घाला, अन् सावलीत वाळू द्या. ते तिचा आकार धरते."

सत्यशीलाबाईंनी सगळं लसीकरणाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. सोमाजीनं तेवढ्यात पिशवीतला दुसरा बूट काढून पाहिला होता.

"बाई, हा तं नवा हाय."

"हो."

"ज्याचा हाय त्याले मालूम हाय?"

सत्यशीलाबाई वही बंद करत म्हणाल्या, "आरी कधी वापस देऊ?"



दुसरं म्यान करायला त्यांना बारा दिवस लागले. भोकं सारख्या अंतरावर यावीत म्हणून त्यांनी कंगव्यानं खुणा केल्या. पट्टी टाचेच्या जाड चामड्यातून काढली. या वेळी सुरी आत गेली आणि आतच राहिली. मग ते भिजवून, सरांना दिसू नये म्हणून कपाटात, साड्यांच्या मागे वाळत ठेवलं. श्रावण होता. आठ दिवस ऊन नव्हतं. चामड्यानं आकार उत्तम धरला, पण रविवारी सकाळी बाहेर काढलं तर त्या तांबूस अंगावर बुरशीचे पांढरे गोल ठिपके उठले होते. फडक्यानं पुसले तर ते आणखी ठळक झाले. मंगलीला त्या रविवारचा निरोप गेला होता. सत्यशीलाबाईंनी म्यान सुरीसकट तसंच वर्तमानपत्रात गुंडाळलं, स्कूटीच्या डिक्कीत ठेवलं आणि निघाल्या.

वाटेवर वनखात्याचा नाका होता. सत्यशीलाबाई त्यावरून रोज जात, आणि तिथला म्हातारा वनमजूर दसरू त्यांना रोज हात करी. पण पंधरा दिवसांपूर्वी तिथे स्वप्निल नावाचा नवा वनरक्षक रुजू झाला होता. जंगली जनावरांच्या कातड्यांवर नजर ठेवा, असा वरून आदेश होता. स्वप्निलनं डिक्की उघडायला लावली, वर्तमानपत्र उलगडलं, आणि त्याचा चेहरा बदलला. तांबूस अंग, पांढरे ठिपके. त्यानं मोबाइलवर चितळाचा फोटो शोधला आणि दोन्ही शेजारी धरून पाहिले.

"साहेब, बाई दवाखान्यातल्या हायत," दसरू म्हणाला. "अन् याले पालिशचा वास येऊन राह्यला."

"ओळखीवर कायदा चालत नाही दसरूभाऊ." स्वप्निल सत्यशीलाबाईंकडे वळला. "मॅडम, हे कातडं कोणाचं आहे?"

सत्यशीलाबाई खरं बोलणाऱ्या बाई होत्या. शिवाय त्या घाबरल्या होत्या.

"माह्या नवऱ्याचं," त्या म्हणाल्या.

स्वप्निलनं पंचनाम्याचा कागद घेतला. पंच म्हणून दसरू आणि समोरचा चहावाला. चहावाल्याकडे तेव्हा मंगलीच्या गावचे दोन जण मोटारसायकल लावून चहा पीत होते. त्यांनी सगळं ऐकलं, चहा अर्धा टाकला आणि गाडीला किक मारली.

राजदीप सर घरी वर्तमानपत्र वाचत असताना त्यांना फोन आला. "सर, तुमचं कातडं इथे नाक्यावर जमा आहे. ओळख पटवायला यावं लागेल. काही पुरावा असला तर आणा."

सरांना आधी काही कळलं नाही. मग पत्नीचा आवाज आला, फार बारीक. "अहो, कपाटातलं बुटाचं खोकं तेवढं घेऊन या. उघडू नका."

सरांनी अर्थातच उघडलं.

तासाभरानं ते धनराजभाऊंच्या मागे बसून नाक्यावर उतरले. पायात रबरी चप्पल, काखेत खोकं. टेबलाशी येऊन त्यांनी खोकं ठेवलं, झाकण काढलं आणि आतले दोन तळवे एकापुढे एक मांडले. टाचेशी अजून थोडं तांबूस चामडं लोंबत होतं. दसरूनं डोक्यावरची टोपी काढली. ती उकाड्यानं काढली असेल, पण त्या वेळी तसं वाटलं नाही.

स्वप्निलनं म्यान तळव्यांशी लावून पाहिलं. रंग जुळला. दसरूनं ओल्या फडक्याला साबण लावून एक ठिपका घासला, तो गेला. स्वप्निलचे कान लाल झाले. तो वाईट मुलगा नव्हता, नवा होता. "पंचनामा लिहून झालाय सर," तो म्हणाला. "खाली खुलासा लिहितो. तुम्ही वाचून सही करा."

सरांनी वाचलं. "सदर महिलेच्या सांगण्यानुसार, जप्त कातडे हे तिच्या नवऱ्याचे आहे."

त्यांनी खिशातून लाल पेन काढलं. इतका वेळ त्यांना जे बोलता आलं नव्हतं ते सगळं जणू त्या पेनात उतरलं. "हे वाक्य असं राहू शकत नाही," ते म्हणाले. "'नवऱ्याचे' ही षष्ठी आहे. षष्ठीतून मालकीही कळते आणि अवयवही कळतो. सरांचे बूट, सरांचे नाक. दोन्हीकडे प्रत्यय तोच. वाचणाऱ्यानं काय समजायचं?"

"काय लिहू मग सर?"

"'नवऱ्याच्या मालकीच्या बुटांचे.' आणि 'होते' लिहा. 'आहे' नको. आता नाहीत ते."

स्वप्निलनं तसं लिहिलं. सरांनी सही केली. म्यान आणि सुरी परत मिळाली.

बाहेर धनराजभाऊ सल्ला देण्याच्या बेतात होते, पण सरांचं तोंड पाहून त्यांनी गाडी वळवली आणि एकटेच परत गेले. सत्यशीलाबाई स्कूटीजवळ उभ्या होत्या.

"विचारलं असतंस तर," सर म्हणाले.

"दिले असते?"

सरांनाही खोटं बोलता येत नसे. "नसते दिले."

"म्हनून नाई विचारलं. चुकलंच माहं. पन तिच्या मांडीत माहे हे दोन्ही हात होते अहो, दोन तास. हात सैल केला का रगत यायचं."

सरांनी ही गोष्ट आज पहिल्यांदा ऐकली होती. त्यांनी खोक्याचं झाकण लावलं आणि पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं. "सरक मागे," ते म्हणाले. "गाडी मी घेतो. एवढं झालंय, तर पोचवू तरी."

मंगलीच्या अंगणात पोचले तेव्हा तिथे निम्मं गाव जमलेलं होतं. मोटारसायकलवाले आधीच आले होते. मंगली बांबूच्या कामट्यांच्या ढिगाशेजारी बसली होती. सरांना पाहून तिनं पदर सारखा केला आणि त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं, कुठे काही कमी आहे का म्हणून.

सत्यशीलाबाईंनी म्यान पुढे केलं. मंगलीनं सुरी घेतली. म्यानाला हात लावला नाही.

"चांगलं शिवलं बाई," ती म्हणाली. "पन म्या हे नाई बांधत."

"काऊन?"

"दुसरीच्या नवऱ्याचं कातडं कमरेले बांधून जंगलात हिंडू? माहा मानूस काय म्हनन?"

"बूट, बूट!" राजदीप सर पुढे आले. "मालकीच्या अर्थानं..." त्यांनी षष्ठी पुन्हा समजावली. अंगणातल्या लोकांनी शांतपणे ऐकून घेतली.

"बुटाचं हाय ते समजलं मास्तर," मंगली म्हणाली. "पन बूट तं तुमचेच ना?"

सत्यशीलाबाई मटकन ओट्यावर बसल्या. बारा दिवस, तीन सुया, एक तळहात, एक पंचनामा. आणि खरी गोष्ट ही होती की मंगलीचं काही चुकत नव्हतं. मंगली हातातली सुरी सवयीनं कमरेत, त्याच जागी खोचायला लागली. सत्यशीलाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"थांब," जंगू म्हणाला.

जंगू तोवर दारातच उभा होता. तो पुढे आला. त्यानं आपल्या पॅन्टीचा पट्टा सोडला, ओढून काढला आणि सत्यशीलाबाईंपुढे धरला. जुना, रुंद, घामानं काळा पडलेला चामड्याचा पट्टा होता. एका हातानं त्यानं पॅन्ट धरून ठेवली होती.

"मंग माह्याचं शिवा," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. मंगलीनं मान खाली घातली, पण सुरी कमरेतून काढून ओट्यावर ठेवली.

सत्यशीलाबाईंनी पिशवीतून सोमाजीला परत द्यायची राहिलेली आरी, सुया आणि दोरा काढला. पट्ट्याचे दोन लांब तुकडे झाले, आणि उरल्या टोकातून कडेच्या पट्ट्या. त्यांचा डावा हात अजून नीट मिटत नव्हता, म्हणून पट्टा राजदीप सरांनी धरला, दोन्ही हातांनी, गच्च. चार-पाच भोकं झाल्यावर मंगलीनं आरी सत्यशीलाबाईंच्या हातून काढून घेतली. "तुम्ही सांगा बाई, म्या पाडतो," ती म्हणाली. जन्मभर बांबूच्या कामट्या काढलेला हात. भोकं कंगव्याशिवायच सारखी पडत गेली. सत्यशीलाबाई नुसत्या सांगत राहिल्या, पट्टी मधात घाल, दोन्हीकून सुई, ओढ, अजून ओढ. उन्हं कलली तेव्हा शेवटची गाठ पडली.

मंगलीनं म्यान कमरेला बांधलं, सुरी आत सारली. ती वाकली. उकिडवी बसली. उठली. लुगड्यावरून मांडी चाचपली. मग पुन्हा एकदा, चांगली खोल वाकली, रांजीत वाकतात तशी. सुरी जागची हलली नाही.

"बाई," जंगूनं अवघडून विचारलं, "आता माह्या पॅन्टीचं काय करू?" तो दुपारपासून ती मुठीत धरून उभा होता.

मंगली हसली. तिनं सुरी उपसली, ओसरीच्या आढ्याला टांगलेल्या पळसाच्या वाखातून कमरेएवढी दोरी कापली आणि सगळ्यांसमोर नवऱ्याच्या कमरेला गुंडाळून गाठ मारून दिली. जंगूनं मूठ सोडून बोटं मोकळी केली. आणि मंगलीनं त्याच्याशी बोलता बोलता, खाली न पाहता, सुरी परत म्यानात घातली.